मोठा पी, छोटा पी आणि आपली पोरं

‘तुझं लक्ष नाही’ हे वाक्य वस्तीतल्या पोरांना नवीन नाही. गणित चुकले की लक्ष नाही, इंग्रजी चुकले की लक्ष नाही, आणि आता कॉम्प्युटरसमोर बसले तरी तेच. सडक अर्जुनी आणि आजूबाजूच्या गावांतल्या ज्या मुलामुलींसोबत आम्ही दर रविवारी प्रोग्रामिंग शिकायला बसतो, त्यांच्यातल्या एकीने याच वाक्यामुळे पैसे भरून लावलेला क्लास दुसऱ्या महिन्यात सोडला होता. ही मुलगी बी.ए.ला आहे. आईसोबत धानाच्या रोवणीला जाते, आणि ओळ कुठे सुटली, कुठे दाट झाली हे धुऱ्यावरून सांगते. तिचे लक्ष नसते असे म्हणणाऱ्याने आषाढात एकदा तिच्यासोबत बांधीत उतरावे आणि मग बोलावे.

तिची चूक एवढीच होती की पायथॉनमध्ये ‘प्रिंट’ हा शब्द तिने मोठ्या पी-ने लिहिला होता. मशीनला छोटा पी हवा होता. पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी ओळी आल्या, सरांनी ‘लक्ष दे’ म्हटले, मागून कुणीतरी हसले, आणि मुलगी घरी बसली.

एवढ्याशा पी-वर लेख कशाला, असे काही मित्रांना वाटेल. वाटू द्या. आमचे म्हणणे असे आहे की ही चूक लक्षाची नाही, लिपीची आहे. तिला लक्षाची चूक म्हणणे म्हणजे पोराच्या बुद्धीवर शिक्का मारणे होय, आणि असे शिक्के आपल्याकडे आधीच पुष्कळ आहेत.

आम्ही कॉम्प्युटरचे जाणकार नाही. समाजशास्त्रात एम.ए. केले, सामाजिक कामात पडलो, आणि सर्वेक्षणाचे शेकडो कागद हाताने मोजण्याचा कंटाळा आला म्हणून पायथॉनकडे वळलो. विहाराच्या खोलीत दोन जुने लॅपटॉप आहेत, बाकीचे मोबाइलवर लिहितात. शिकवणारा असा कुणी नाही. ज्याला आधी समजले तो दुसऱ्याला सांगतो. त्यामुळे चूक सगळ्यांसमोर होते आणि सगळ्यांसमोर सापडते. कुणी हसत नाही असे नाही, पण पुढच्या रविवारी हसणाऱ्याचीच पाळी असते हे सगळ्यांना माहीत झाले आहे.

त्या मुलीची चूक आम्ही पुन्हा पाहिली तेव्हा पहिलीच गोष्ट अशी निघाली की मोठा पी तिने लिहिलाच नव्हता. तो तिच्या मोबाइलच्या कीबोर्डने लिहिला होता. मोबाइलवर नवीन ओळ सुरू केली की पहिले अक्षर कीबोर्ड आपोआप मोठे करतो. इंग्रजीत वाक्याची सुरुवात मोठ्या अक्षराने होते, म्हणून ही सोय. पण पायथॉनमध्ये ओळीची सुरुवात म्हणजे वाक्याची सुरुवात नव्हे. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे त्याला ही अडचण कधी दिसतच नाही, आणि ज्याच्याकडे फक्त मोबाइल आहे त्याच्या प्रत्येक ओळीत ती दबा धरून बसलेली असते. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑटो कॅपिटलायझेशन बंद केले की झाले. दोन मिनिटांचे काम. ते सांगायला क्लासवाल्या सरांना दोन महिने मिळाले होते.

पण तेवढ्यावर हा प्रश्न संपत नाही. कीबोर्डची सोय बंद केल्यावरही मुले मोठ्या-छोट्यात गोंधळतात, आणि त्याचे कारण आमच्या मते फार साधे आहे. देवनागरीत मोठे आणि छोटे अक्षर नसते. ‘प’ म्हणजे ‘प’. वाक्याच्या सुरुवातीला आला तरी तोच, माणसाच्या नावात आला तरी तोच, गावाच्या पाटीवर आला तरी तोच. आमच्या पिढीने पाचवीत पहिल्यांदा चार रेघांच्या वहीत मोठी एबीसीडी आणि छोटी एबीसीडी गिरवली. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली, म्हणजे आताची मुले सहाव्या वर्षी गिरवतात. पण दोन्हींना कळते ते एकच, की मोठा पी आणि छोटा पी म्हणजे एकच ‘प’, फक्त लिहायचे दोन प्रकार. उच्चार एक, तर अक्षर एक. मराठी डोक्याने केलेला हा हिशेब अगदी बरोबर आहे. मशीनचा हिशेब वेगळा आहे, आणि तो कुणी समजावून सांगितलेला नाही.

मशीन अक्षर पाहत नाही, आकडा पाहते. मोठ्या ए-ला ६५ हा आकडा दिलेला आहे, छोट्या ए-ला ९७. मोठ्या पी-ला ८०, छोट्या पी-ला ११२. प्रत्येक जोडीत ३२ चा फरक. मशीनला विचारले की हे दोन पी सारखे आहेत का, तर ती ८० आणि ११२ सारखे आहेत का हे तपासते आणि ‘नाही’ म्हणते. यात खोडसाळपणा नाही आणि हुशारीही नाही. हे आकडे माणसांनी ठरवले. अमेरिकेत १९६३ साली हे कोष्टक पहिल्यांदा प्रमाण म्हणून ठरले तेव्हा त्यात छोटी अक्षरे नव्हतीच; ती १९६७ च्या आवृत्तीत आली. आधीच्या कित्येक मशीन फक्त मोठ्या अक्षरांवर चालत. म्हणून फोरट्रानसारख्या जुन्या भाषांना मोठ्या-छोट्याचे काही देणेघेणे नाही. सत्तरच्या दशकात आलेल्या सी भाषेने फरक पाळला, आणि पुढे १९९१ ची पायथॉन, १९९५ च्या जावा आणि जावास्क्रिप्ट त्याच वाटेने गेल्या. म्हणजे हा निसर्गाचा नियम नाही. काही भाषांनी पाळला, काहींनी नाही. डेटाबेससाठी वापरतात त्या एसक्यूएलमध्ये ‘सिलेक्ट’ मोठ्या अक्षरांत लिहा की छोट्या, चालते.

मुलांना एवढे सांगितले की त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव बदलतो, हे आम्ही प्रत्येक वेळी पाहिले आहे. आपण मूर्ख नाही, समोर एक नियम आहे आणि तो कुणीतरी अमुक साली केला आहे, हे कळले की माणूस तो नियम शिकायला मोकळा होतो.

अक्षरांना इंग्रजीत ‘अप्पर केस’ आणि ‘लोअर केस’ म्हणतात, तेही छापखान्यातून आले. खिळे ठेवायच्या लाकडी पेट्या दोन. वरच्या पेटीत मोठी अक्षरे, खालच्या पेटीत छोटी. बाबासाहेबांचा भारत भूषण प्रिंटिंग प्रेस ज्या काळात चालत होता त्या काळच्या जुळाऱ्यांना हे हाताच्या सवयीने माहीत असे. मराठी खिळ्यांना अशी वरची-खालची विभागणी नव्हती, पण काना, मात्रा, जोडाक्षरे मिळून खणांची संख्या कितीतरी जास्त होती. त्या जुळाऱ्यांनी उलट्या खिळ्यांतून आणि प्रुफांतून एकेक चूक हुडकली. आज आपण डीबगिंग म्हणतो त्याला, आपल्या लोकांना हे काम काही नवीन नाही.

आता चूक सापडते कशी ते सांगतो, कारण नुसता अभिमान सांगून प्रोग्राम चालत नाही.

पायथॉन चूक दाखवते तेव्हा चार-पाच ओळी येतात आणि नवखा माणूस पहिल्या ओळीपासून वाचू लागतो. तिथेच घाबरतो. वाचायचे खालून. शेवटच्या ओळीत चुकीची जात असते (जात शब्द आम्ही मुद्दाम वापरला नाही, पण पोरं हसतात खरी), आणि तिच्या वर ओळीचा क्रमांक. ‘नेम एरर’ आले तर मशीन म्हणते आहे की या नावाचे मला काही माहीत नाही. मोठ्या-छोट्याच्या निम्म्या भानगडी इथेच संपतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या पायथॉनच्या ३.१० आवृत्तीपासून तर मशीन स्वतःच विचारते, तुम्हाला ‘प्रिंट’ म्हणायचे होते का? हे वाक्य त्या मुलीला कुणी वाचून दाखवले असते तर क्लास सुटला नसता. ते इंग्रजीत होते आणि लाल होते, एवढाच त्याचा गुन्हा.

‘ट्रू’, ‘फॉल्स’ आणि ‘नन’ या तिघांचे पहिले अक्षर पायथॉनला मोठे लागते. जावास्क्रिप्टमध्ये तेच ‘ट्रू’ छोट्या अक्षराने. तिथे ‘गेट एलिमेंट बाय आयडी’ नावाची एक लांबलचक आज्ञा आहे, सगळे शब्द जोडून; तिच्यात ई मोठा, बी मोठा, आय मोठा, आणि शेवटचा डी मात्र छोटा. आयडी हे आपण दोन मोठ्या अक्षरांनी लिहितो, कॉलेजच्या ओळखपत्रावरही तसेच असते, म्हणून जवळजवळ प्रत्येक जण तो डी मोठा लिहितो. याला काही तर्क नाही. पाठ करा किंवा एडिटर जे सुचवतो त्यावर बोट ठेवा.

खरी डोकेदुखी मात्र जी चूक आवाज करत नाही तिची आहे. बारावीतल्या एका मुलाने १४ एप्रिलच्या वर्गणीचा हिशेब करणारा प्रोग्राम लिहिला. सुरुवातीला ‘टोटल’ छोट्या टी-ने, किंमत शून्य. खाली प्रत्येक वर्गणी मिळवताना ‘टोटल’ मोठ्या टी-ने. शेवटी छापले ते छोट्या टी-चे. पायथॉनने काहीच तक्रार केली नाही. तिच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावे, दोन वेगळे डबे. एकात पैसे पडत होते आणि मोजायला दुसरा उघडला. उत्तर आले शून्य.

“काल त बरोबर येत होतं जी, आज काहून शून्य येते?” असे तो विचारत राहिला. काल त्याने सगळे छोट्या टी-ने लिहिले होते. आज मधला भाग मोबाइलवर पुन्हा लिहिला होता.

अशा वेळी लाल ओळ नसते, म्हणून शोध आपणच लावावा लागतो. आम्ही दोन गोष्टी करतो. प्रोग्रामच्या मधोमध किंमत छापून पाहायची. तिथपर्यंत बरोबर असेल तर चूक पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचा अर्धा. दुसरी गोष्ट म्हणजे एडिटरच्या शोधण्याच्या चौकटीत ‘मॅच केस’ बंद करून ते नाव शोधायचे. मोठे-छोटे सगळे एकदम उजळतात आणि वेगळे बसलेले डोळ्यात भरते. पायथॉन लिहिणाऱ्यांनी २००१ पासून पेप-८ नावाची लेखनाची रीत ठेवली आहे. तिच्याप्रमाणे साधी नावे कायम छोट्या अक्षरांत, दोन शब्द असतील तर मधे खालची रेघ. आम्ही ती सक्तीची केली आहे. आमच्यासारख्या सक्तीला विरोध करणाऱ्या माणसाने सक्ती करावी याची मुलांना गंमत वाटते.

असाच एक प्रकार फाइलींचा. वाचनालयाच्या पुस्तकांची यादी दाखवणारे छोटे पान दोघींनी तयार केले. लॅपटॉपवर बाबासाहेबांचा फोटो दिसायचा, सर्व्हरवर चढवला की गायब. लॅपटॉपवर विंडोज होते, आणि विंडोज फाइलच्या नावातले मोठे-छोटे सारखेच मानते. सर्व्हर लिनक्सवर, आणि लिनक्सला फरक कळतो. कॅमेऱ्याने फोटोच्या नावाशेवटी ‘जेपीजी’ मोठ्या अक्षरांत लावले होते, पानात ते छोट्या अक्षरांत होते. घरात चालते ते बाहेर चालत नाही, हे आपल्याला समाजातही दिसते. पण इथे निदान फाइलचे नाव बदलले की दार उघडते. तो फोटो पुन्हा दिसला तेव्हा दोघींनी टाळ्या वाजवल्या.

चळवळीतले काही ज्येष्ठ आम्हाला विचारतात की ही पी-टी मोजण्यात पोरांचा वेळ घालवण्यापेक्षा त्यांना विचार वाचायला लावा. विचार आम्हीही वाचतो, त्याच खोलीत. पण एक फरक नोंदवावासा वाटतो. मराठीत ‘शुद्धलेखन’ हा शब्द आहे. शुद्ध आणि अशुद्ध. आमच्या झाडीपट्टीत ‘ण’ ला ‘न’ म्हणणारा माणूस नागपुरात तोंड उघडतो आणि समोरच्याच्या ओठांवर हसू येते. पाणी म्हटले की शुद्ध, पानी म्हटले की अशुद्ध, आणि बोलणारा कोणत्या वस्तीतला हेही त्यातच ओळखले जाते. तिथे चूक सुधारली तरी माणूस सुधारत नाही, असा लोकांचा समज. मशीनही ‘चूक’ म्हणते, एका अक्षरासाठी म्हणते, पण बोलणारा कोण ते विचारत नाही. नियम लिहून ठेवलेला असतो, कुणालाही वाचता येतो, आणि अक्षर बदलले की तीच मशीन त्याच क्षणी मान्य करते. आमच्या मुलांना ही वागणूक आवडते. ही आवड आम्हाला महत्त्वाची वाटते.

मशीन निष्पक्ष आहे, असे मात्र यावरून कुणी समजू नये. मोठे अक्षर ही कधीच केवळ लिहिण्याची बाब नव्हती. अमेरिकेत ‘निग्रो’ शब्दातला एन छोटा छापत. माणसाच्या समूहाचे नाव असून छोटा. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी तो मोठा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे आग्रह धरला, आणि न्यूयॉर्क टाइम्सने मार्च १९३० मध्ये तो मोठा केला. याच डू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. पुढे जून २०२० मध्ये असोसिएटेड प्रेसने ‘ब्लॅक’ मधला बी मोठा केला. उलट बेल हुक्स यांनी आपले नाव आयुष्यभर छोट्या अक्षरांतच लिहिले, कारण नावापेक्षा मजकूर मोठा असावा असे त्यांना वाटे. मराठीत मोठे अक्षर नाही, तर आपल्याकडे हा भेद नाही का? आहे, आणि जास्त खोल आहे. ‘तो आला’ आणि ‘ते आले’ यांत जे अंतर आहे ते पी आणि पी यांच्यात नाही. आमच्या आजोबांना गावात पाटलाच्या पोराने नावाला ‘या’ जोडून हाक मारावी आणि आजोबांनी त्या पोराला ‘जी’ म्हणावे, हे मराठीचे मोठे-छोटे अक्षर. ते क्रियापदात आणि हाकेत लपलेले आहे, म्हणून कोणत्याही कोष्टकात सापडत नाही.

हे सगळे आम्हाला ज्या कामात जाणवले ते काम सांगतो. शिष्यवृत्तीचे पैसे अडलेल्या विद्यार्थ्यांची यादी आम्ही करत होतो. एक यादी शाळा-कॉलेजच्या दाखल्यांवरून, दुसरी बँक खात्यांच्या नावांवरून. दोन्ही जुळवायच्या, आणि ज्यांची नावे जुळत नाहीत त्यांना आधी गाठायचे. क्लास सोडलेल्या त्या मुलीनेच जुळवणीचा प्रोग्राम लिहिला. चालवला तर जवळजवळ कुणाचेच नाव जुळेना. कारण उघड होते. बँकेच्या यादीत सगळी नावे मोठ्या अक्षरांत, दाखल्यांच्या यादीत फक्त पहिले अक्षर मोठे. माणूस तोच, आडनाव तेच, वडिलांचे नाव तेच, आणि मशीनच्या मते दोन वेगळे विद्यार्थी. तिने दोन्ही याद्या आधी छोट्या अक्षरांत आणल्या. पायथॉनमध्ये त्याला ‘लोअर’ ही एक आज्ञा पुरते. पुढच्या-मागच्या रिकाम्या जागा ‘स्ट्रिप’ने काढल्या. अर्ध्याहून जास्त नावे जुळली.

पोर्टल बनवणाऱ्यांना या दोन आज्ञा माहीत नसतील काय? माहीत असतात. त्या लिहाव्यात असे त्यांना वाटले नाही, कारण नाव न जुळल्यामुळे ज्याचे वर्ष वाया जाते तो त्यांच्या ओळखीचा नसतो. आम्ही असा आरोप सहज करत नाही. पण मराठी माध्यमातल्या, तीन कागदांवर तीन स्पेलिंग असलेल्या पोराला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला प्रोग्राम आम्हाला अजून भेटायचा आहे.

उरलेल्या नावांत खरा प्रश्न होता. सिद्धार्थ एका कागदावर एका डी-ने, दुसऱ्यावर दोन डी-ने, तिसऱ्यावर शेवटी ए लावून. आडनाव आधी की नंतर. आणि गाव! आमच्या सडक अर्जुनीत कुठे मधे आडवी रेघ असते, कुठे नुसती जागा, कुठे दोन्ही शब्द जोडलेले, आणि कुठे नुसतेच अर्जुनी लिहून पाठवतात, म्हणजे शेजारच्या अर्जुनी मोरगावात गेले. गोंदियाचे स्पेलिंग २०११ च्या जनगणनेत वाय घालून आहे, रोजच्या व्यवहारात वायशिवाय. यातले काय सारखे मानायचे आणि काय वेगळे, हे मशीन ठरवू शकत नाही. प्रोग्राम लिहिणारा ठरवतो.

आम्ही मुलांना एक उदाहरण देतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, १९१४ क्रमांकावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. मशीनला विचारा, भिवा आणि भीमराव सारखे आहेत का? ती ‘फॉल्स’ म्हणेल, मोठ्या एफ-ने. मग तिच्यावर रागवायचे की तिला शिकवायचे?

शिकवायचे, पण सगळेच सारखे मानायचे नाही. इथे विदर्भातल्या माणसाला अधिक सांगायला नको. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ असे शब्द आहेत. गोवारी समाज सांगत आला की ते आपणच. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळावर आलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी मेले. त्यात बाया होत्या, लेकरे होती. ऑगस्ट २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांची बाजू मान्य केली. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून दोन्ही वेगळे मानले. हलबा-कोष्टी प्रकरणात, महाराष्ट्र शासन विरुद्ध मिलिंद या खटल्यात, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २००० सालीच सांगितले होते की यादी जशी आहे तशीच वाचायची. बदल करायचा तर संसदेने करायचा. धनगड आणि धनगर यांच्यात तर एका अक्षराचे अंतर, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याही याचिका फेटाळल्या. कोणाचा दावा खरा, हा या लेखाचा विषय नाही. पण यादीतल्या एका शब्दावर माणसे जिथे मेली आहेत, तिथे ‘गोंड’ हा शब्द जास्तीचा समजून काढून टाकणारी एक ओळ कुणा नवख्याने लिहिली तर काय होईल, हे मुलांना कळायला हवे. मोठे अक्षर छोटे केले तर कुणाचे काही जात नाही. शब्द गाळला तर जाते. हा फरक आमच्या मुलीने न सांगता ओळखला. तिने जुळलेल्या नावांचा एक रकाना केला, न जुळलेल्यांचा दुसरा, आणि तिसऱ्याला नाव दिले ‘विचारावे’.

देवनागरीत याद्या केल्या तर ही कटकट सुटेल असे कुणीतरी सुचवले. सूचना चांगली होती. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथॉन ३ पासून नावेसुद्धा मराठीत ठेवता येतात. ‘बेरीज’ लिहा, चालते, आणि मोठ्या-छोट्याचा प्रश्नच उरत नाही. पण मग ह्रस्व-दीर्घ उभे राहते, आणि त्याहून वाईट म्हणजे ‘ॲ’. हे अक्षर दोन तऱ्हांनी टंकता येते. एक, अख्खे अक्षर म्हणून. दुसरे, ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच, मशीनला वेगळे, आणि ‘लोअर’सारखी कोणतीही तयार आज्ञा इथे कामाला येत नाही. ‘ॲड.’ लावलेल्या वकील मंडळींची नावे शोधताना आम्हाला हे भेटले. आधी सगळीकडे एकच तऱ्हा करून घेणारी दोन ओळींची आज्ञा मग मुलांनीच लिहिली.

‘विचारावे’ रकान्यातली नावे आता एकेक करून चालली आहेत. त्यासाठी प्रोग्राम नाही. सौंदड, कोहमारा, डव्वा अशा गावांत मुले घरोघर जातात, दाखला आणि पासबुक शेजारी ठेवून पाहतात, आणि कोणता कागद दुरुस्त करायचा ते आईबापांना सांगतात. मागच्या आठवड्यात एका आजीने आपल्या नातवाचे नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी पाहून विचारले, “मंग यातला आमचा पोट्टा कोनता जी?” मुलीने दाखल्यावरचे नाव वहीत उतरवून घेतले, आणि दोघी पुढच्या घराकडे निघाल्या.